बिछान्याला खिळलेला

“हे टेबल जरा कोपऱ्यात सरकवता येईल का?” फोटोग्राफरने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि माझा आकडा गेला.

मी वेढे मोजत होतो. जळलेल्या मोटारींच्या कॉईल काढून नव्याने गुंडाळायच्या, ज्याला रिवाइंडिंग म्हणतात, ते माझं काम. उजव्या हाताने तार गुंडाळायच्या फर्म्याचं हँडल फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सोडायची आणि वेढे तोंडातल्या तोंडात मोजत राहायचं. मोजणं चुकलं की मोटार गरम होते आणि महिन्याभरात पुन्हा जळते. म्हणून माझे ओठ हलत असले की आमच्या घरात कुणी बोलत नाही. दूध उतू जात असलं तरी आई हाक मारत नाही, नुसती पळत जाते. फोटोग्राफरला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी अख्खी कॉईल उलगडली आणि तार रिळावर परत घ्यायला लागलो.

“दादा, दोन मिनिटांचं काम आहे,” धाकटा म्हणाला. हा माझा सख्खा भाऊ. विम्याच्या ऑफिसात साहेब आहे. तो अर्ध्या चड्डीत दारात उभा होता आणि त्याच्या बनियनवर एका संस्थेचं नाव छापलेलं होतं. पुढच्या महिन्यात तो वाळवंटात धावायला जाणार होता. आठवडाभर, रोज उन्हातून, स्वतःचं अंथरूण आणि खाणं पाठीवर घेऊन. ते बघून लोकांनी देणग्या द्यायच्या आणि संस्थेने त्यातून मणक्याला मार बसलेल्या माणसांसाठी एक वॉर्ड बांधायचा, असा बेत होता. मणक्याला मार बसलेला माणूस म्हणून घरात मी होतोच.

“टेबल फोटोत आलं तर काय बिघडतं?” मी विचारलं.

संस्थेच्या बाई पुढे आल्या. बोलायला फार गोड. “बिघडत काही नाही हो. पण बघणाऱ्याचं लक्ष भलतीकडं जातं. तुम्ही पलंगावर असलात ना, तर फोटो थेट काळजाला भिडेल.”

“दिवसाउजेडी मी पलंगावर नसतो.”

“फोटोपुरतं.”

“मग फोटोपुरतं यालाच झोपवा पलंगावर. मी उशाशी बसतो खुर्चीत.”

फोटोग्राफर हसला. धाकटा हसला नाही. आई मागून म्हणाली, “अरे, दारात आलेल्या माणसांशी असं बोलतात का?” आईपुढे माझं चालत नाही. मी चाकाची खुर्ची पलंगाला लावली, मधे फळी टाकली, हातांवर अंग उचलून पलंगावर सरकलो आणि चादर ओढून घेतली. फोटोग्राफरला फळीसुद्धा नको होती. ती त्याने कपाटामागे ठेवली.

“खिडकीकडं बघा,” तो म्हणाला, “आणि हसू नका.”

“तो हसत नाहीच,” धाकटा म्हणाला.

मी पडलो ते एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून. पंपाची मोटार दोरीने खाली सोडत होतो, कठड्याची वीट निसटली आणि मोटारीच्या आधी मीच खाली पोचलो. कमरेखालचं सगळं गेलं. वरचं राहिलं, आणि माझा धंदा सगळा वरच्याच अंगाचा आहे. वर्षभरात मी पुन्हा टेबलाशी बसलो, फाटकावर पाटी लावली आणि आसपासच्या दुकानांच्या, घरांच्या मोटारी यायला लागल्या. कुणी घासाघीस करायचं, कुणी उशीर झाला म्हणून भांडायचं. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. कौतुकाचा मला वीट आला आहे.

त्या दिवसांत धाकटा ऑफिसला जायच्या आधी मला उचलून न्हाणीघरात न्यायचा. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, मी त्याच्या मानेला मिठी मारायची, त्याने ‘हं’ म्हणायचं आणि वर. मग त्याला धावण्याचं वेड लागलं. सकाळी कमरेला दोर बांधून, मागे ट्रकचा टायर ओढत तो गल्लीतून जायचा. दम वाढवायचा म्हणे. गल्लीतले लोक गॅलरीत येऊन टाळ्या वाजवायचे. आईला टाळ्या वाजवायला फुरसत नसायची, कारण त्या वेळी ती मला न्हाणीघरात न्यायला धडपडत असायची. तिची कंबर धरली तेव्हा मी सुताराला बोलावलं आणि ती गुळगुळीत फळी करून घेतली. आता मला कुणाचा हात लागत नाही. धाकट्याच्या धावण्याने माझं काही भलं झालं असेल तर ते एवढंच.

घरात त्याचं निराळंच चाललं होतं. पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून त्याने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. करवत माझी होती आणि त्याने ती परत जागेवर ठेवली नाही. उन्हात पाय सुजतात म्हणून बूट मोठ्या मापाचे आणले, ते घालून तो जिन्यात सर्कशीतल्या विदूषकासारखा फटक फटक चालायचा. त्याचे गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. भावजय ज्याला त्याला सांगायची, “किती फिट झालेत ना हे?” मला तो आजारातून उठल्यासारखा दिसायचा.

थोड्याच दिवसांत चौकात फलक लागला. घरात सगळ्यांना माहीत होतं, मला कुणी सांगितलं नाही. मी कॉईलना लावायचं वार्निश आणायला खुर्ची घेऊन बाहेर पडलो तेव्हा तो दिसला. एका बाजूला धाकटा, छाती पुढे काढून. दुसऱ्या बाजूला मी, चादरीत, खिडकीकडे बघत. वर भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बिछान्याला खिळलेल्या भावासाठी तो धावणार वाळवंटात!’ बिछान्याला खिळलेला मी भर चौकात बसून ते वाचत होतो. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. माझ्या तळपायांना काही कळत नाही, त्यामुळे माझी आग एकदम मस्तकातच लागते.

रंगाच्या दुकानदाराने वार्निशचा डबा स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवला. “तुम्ही कशाला बाहेर पडलात?” तो म्हणाला. “निरोप धाडायचा ना.” हाच माणूस एरवी मला रांगेत ताटकळत ठेवायचा आणि डबा घेताना झाकण गळतंय का ते मीच बघून घ्यायचो. मला त्या दिवशी रांगेत थांबायला फार आवडलं असतं.

त्यानंतर काम आटलं. आधी वाटलं, असतात असे दिवस. मग लाँड्रीवाला आला. तो माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मशीनची मोटार दर उन्हाळ्यात जळते, कारण तो मशीनमध्ये कपडे कोंबतो. दर उन्हाळ्यात मी त्याला शिव्या देतो आणि तो मला चहा पाजतो, असं आमचं ठरलेलं होतं. या वेळी त्याच्या हातात मोटार नव्हती. संत्र्यांची पिशवी होती.

“कसं वाटतंय आता?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“मला काय धाड भरलीय? मशीन कसं आहे ते सांगा.”

“चालू आहे. मधे जळली होती मोटार.”

“मग?”

तो पिशवी टेबलावर ठेवू की खाली ठेवू असं करत राहिला. “बाजारात एक जण आहे नवीन, त्याच्याकडून करून घेतली. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास? फलक बघितला आम्ही. आमची बायको तर रडलीच.”

“अहो, गेल्या उन्हाळ्यात मीच केली ना ती मोटार? याच टेबलावर?”

“हो, केलीत की. पण तेव्हा तुम्ही बरे होतात.”

“मी तेव्हाही असाच होतो! याच खुर्चीत! तुम्ही समोर बसून चहा प्यायलात!”

“असंच मन खंबीर ठेवा,” तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी थोपटलं नव्हतं. मला संत्री त्याच्या पाठीवर फेकून मारावीशी वाटली. आईने ती आत नेली.

मी संस्थेच्या बाईंना फोन केला. म्हटलं, फलक राहू द्या, पण तेवढं ‘बिछान्याला खिळलेल्या’ काढा. ‘मोटारी रिवाइंड करणाऱ्या भावासाठी’ असं लिहा. माझ्या पोटावर पाय येतोय. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या भावना पोचल्या हो. पण काम करणाऱ्या माणसासाठी कोण देणगी देतं, तुम्हीच सांगा.”

मी फोन ठेवला.

मग मी धाकट्याला गाठलं. तो स्वयंपाकघरात ओट्यावर वाळवलेल्या खाण्याच्या पुड्या मांडून एकेक काट्यावर तोलत होता.

“तो फलक उतरव,” मी म्हटलं.

“दादा, परवा निघायचंय मला. आत्ता नको.”

“माझी गिऱ्हाइकं गेली त्या फलकापायी. लाँड्रीवाला गेला. उद्या मी काय करू? खिडकीकडं बघत बसू?”

“किती लोकांची सोय होणार आहे त्या वॉर्डात, विचार तरी केलास का? तुझ्या चार मोटारींसाठी ते थांबवू?”

“थांब कोण म्हणतंय? धाव ना. माझ्या जिवावर धावू नको.”

त्याने हातातली पुडी खाली टाकली. “तू कधी काही मागितलंस माझ्याकडं? सांग ना. पडल्यापासून एकदा तरी? पाणी आणलं तर ‘ठेव तिथं’. जवळ बसलो तर ‘उजेड अडवू नकोस’. उचलायचो तेव्हा तोंड तिकडं फिरवायचास, जसं काही मी तुझ्या अंगाला घाणच लावतोय. तुझ्यासाठी काही करायचं म्हटलं तर तू करू देतोस का? घरात जागा ठेवली नाहीस, म्हणून बाहेर जाऊन करतोय.”

“त्याला वाळवंट लागतं?”

“मला लागलं!”

भावजय दारात येऊन उभी होती. “यांना कुणी चांगलं म्हटलेलं तुम्हाला बघवत नाही, दादा,” ती म्हणाली. “स्पष्ट बोलते, राग मानू नका.”

राग मानायचं काही कारण नव्हतं, कारण ते खरंच होतं. मला बघवत नव्हतं. पण लाँड्रीची मोटार दुसरीकडे गेली हेही खरंच होतं, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणीही एक अक्षर काढलं नाही.

निघायच्या दिवशी संस्थेने व्हिडिओवाला पाठवला. धाकट्याने मला पलंगावरून उचलायचं, खुर्चीत बसवायचं, मिठी मारायची आणि पाठपिशवी घेऊन दाराबाहेर पडायचं, असं ठरवून आले होते.

“हल्ली तो मला उचलत नाही,” मी म्हटलं.

“वर्षानुवर्षं उचललंय,” धाकटा म्हणाला. “त्यात काय एवढं?”

आई ठेवणीतले कपडे घालून उभी होती. मुलगा वाळवंटात चाललाय, निघताना घरात भांडण नको, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. मी मुकाट्याने पलंगावर गेलो.

एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि माझ्या हातांना पूर्वीचा खांदा लागला नाही. वर्षभर त्याने पाय तेवढे कमावले होते, दंड वाळून काटक्या झाले होते. मी सांगणार होतो, तोवर तो ‘हं’ म्हणाला. त्याने मला उचललं, अर्ध्यावर त्याचे हात लटलटायला लागले आणि मी पलंगाच्या कडेवरून घसरून धाडकन जमिनीवर आलो. कोपर फरशीवर आपटलं. माझे पाय मागाहून पडले.

“दादा! लागलं का?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मला पुन्हा धरायला वाकला.

“हात लावू नकोस. बाजूला हो.”

जमिनीवरून खुर्चीत चढायला फळीचा उपयोग नाही. मी एक हात पलंगाच्या लाकडावर टेकला, दुसऱ्याने खुर्चीचा दांडा धरला आणि अंग वर ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही, पुन्हा खाली आलो. आई पुढे आली, तिलाही मी थांबवलं. दुसऱ्या खेपेला मी वर चढलो, दोन्ही पाय एकेक करून उचलले आणि खुर्चीच्या पायपट्टीवर नीट ठेवले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

“घेतलंस का हे सगळं?” मी व्हिडिओवाल्याला विचारलं.

“सगळं घेतलं,” तो म्हणाला.

मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. म्हटलं, आता लोकांना कळेल. धाकट्याला मी हात हलवून निरोपसुद्धा दिला.

तो व्हिडिओ भावजयीने मला मोबाइलवर दाखवला. धाकटा मला उचलतो, मी पडतो. पडतो ते सावकाश, मागे व्हायोलिन. मग माझा फरशीवरचा चेहरा, आणि त्यानंतर एकदम वाळूच वाळू आणि वाळूतून धावणारा धाकटा. मी वर चढलो ते कुठेच नव्हतं. धाकट्याच्या हातांनी दगा दिला हेही कुठे नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, माझंच अंग इतकं गेलंय की ते धरून ठेवणं कुणाला शक्य नाही. देणग्यांचा पूर आला. भावजय दर तासाने बातमी द्यायची.

त्याच आठवड्यात एक बाई मिक्सर काखेत घेऊन फाटकापर्यंत आली. मला खिडकीतून दिसली. पाटी वाचून तिने कडीला हात घातला, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला.

“या ना ताई,” मी आतून ओरडलो. “काय, फिरत नाही का? उद्या देतो करून!”

तिने नकारार्थी मान हलवली. “नको नको, राहू द्या. तुम्ही आराम करा,” ती म्हणाली, आणि मिक्सर घेऊन माघारी गेली. मी खुर्ची दारापर्यंत नेली तोवर ती वळणावर पोचली होती.

तिकडून रोज संध्याकाळी धाकट्याचा एक निरोप यायचा. पायाला फोड आले. पाणी मोजून मिळतं. अंगठ्याची नखं गेली. एका दिवशी उलट्या झाल्या, तरी चालत मुक्काम गाठला. आई ताटावर बसायची आणि तशीच उठायची. मी चिडलेलो होतो, पण संध्याकाळ झाली की माझेही कान भावजयीच्या मोबाइलकडे लागायचे. मरावं असं काही मला वाटत नव्हतं त्याने. हरावं असं मात्र रोज वाटायचं. तो हरला नाही. सगळ्यांत मागच्या टोळक्यात का होईना, त्याने शर्यत पुरी केली आणि दोन्ही पायांना बँडेज बांधून, चाकाच्या खुर्चीत बसून तो घरी आला.

सत्काराला मी जाणार नव्हतो. पण बाई म्हणाल्या, “तुम्हालाही दोन शब्द बोलायचेत,” आणि मी कान टवकारले. माइक हातात आल्यावर मला कोण कापणार होतं? रात्रभर मी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. हॉल गच्च भरला होता. व्यासपीठावर आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी, दोघेही खुर्चीत. फोटोग्राफरला तर काय करू आणि काय नको असं झालं. धाकट्याची खुर्ची भाड्याची होती, आठवड्याने परत जायची होती. तिसऱ्या रांगेत लाँड्रीवाला बायकोला घेऊन आला होता.

माझी पाळी आली. मी घसा साफ केला.

“मी बिछान्याला खिळलेलो नाही,” मी म्हटलं. “मी मोटारी रिवाइंड करतो. पंख्याची, मिक्सरची, पंपाची, वॉशिंग मशीनची, कुठलीही. पडल्यावरसुद्धा करत होतो, फलक लागेपर्यंत करत होतो. चौकाच्या मागच्या गल्लीत घर आहे, फाटकावर पाटी आहे. मला मदत नकोय. मला काम हवंय. जळलेली मोटार असेल तर घेऊन या.”

सगळे माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, पोचलं. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, त्यामागे दुसऱ्याने, आणि बघता बघता अख्खा हॉल उठून उभा राहिला. बायका डोळे पुसत होत्या. संस्थेच्या बाईंनी माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, “ही जिद्द! ही जिद्द बघा!”

“टाळ्या नकोत!” मी बिनमाइकचा ओरडलो. “मोटारी आणा!”

टाळ्या वाढल्या.

धाकट्याने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो खरोखरच रडत होता. “काय बोललास रे दादा,” तो म्हणाला. “अंगावर काटा आला.”

“मी काय बोललो ते कळलं का तुला?”

“कळलं ना. ‘मला काम हवंय.’ पुढच्या वर्षी फलकावर हेच घालू.”

मी हात सोडवून घेतला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लाँड्रीवाला व्यासपीठावर चढला. तो थेट माझ्याकडे येताना बघून मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, एकाला तरी कळलं. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता.

“घसा सुकला असेल,” तो म्हणाला. ग्लास त्याने माझ्या हातात दिला नाही. एक हात माझ्या मानेमागे घातला, डोकं जरासं मागे कलवलं आणि ग्लास माझ्या ओठांना लावला. माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. समोर फोटोग्राफर एक गुडघा टेकून बसला होता. पहिल्या रांगेतून आई बघत होती. मी तोंड उघडलं आणि तो ग्लास काढून घेईपर्यंत पाणी पीत राहिलो.